क्रेट धुताना साबण आणि जंतुनाशक एकाच बादलीत नको!



मासळी उतरली की जेटीवर क्रेट धुवायची घाई असते. धुण्याची पावडर आणि जंतुनाशक एकाच बादलीत ओतलं की काम दुप्पट चांगलं होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं नेमकं उलट.

साबणाच्या कणाला दोन टोकं असतात. एक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून मासळीचा तेलकटपणा सुटून पाण्याबरोबर जातो. जंतुनाशकाच्या डब्यावर 'बेंझाल्कोनियम क्लोराईड' लिहिलेलं असेल, तर तोही याच जातीचा पदार्थ. फरक विद्युतभाराचा. धुण्याच्या पावडरीचा कण बहुधा ऋण भाराचा, याचा धन भाराचा. जंतूचं बाहेरचं कवच ऋण भाराचं असतं. धन कण त्याला चिकटतो, शेपटी आत घुसवून पापुद्रा फाडतो आणि जंतू मरतो.

दोन्ही एकत्र केले तर ते एकमेकांनाच चिकटतात. जंतूंसाठी काही उरत नाही. रक्त, खवले, बुळबुळ राहिली असली तरी औषध त्यातच खर्ची पडतं. वरून क्रेट स्वच्छ दिसतो, पण आतले जंतू उद्याच्या मासळीत जातात. मासळी लवकर नरमते, वास मारते आणि लिलावात भाव पडतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी साध्या थंड पाण्याने रक्त-खवले काढा. गरम पाण्याने रक्त घट्ट चिकटतं.
२. साबण लावून ब्रशने कोपरे आणि भोकं घासा.
३. फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवा. खाडीचं पाणी नको.
४. जंतुनाशक डब्यावरच्या प्रमाणातच घ्या आणि सांगितलेला वेळ राहू द्या.
५. शेवटी पिण्यायोग्य पाण्याने धुऊन क्रेट उन्हात पालथे घाला.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

आता त्या पाण्याचं काय? जंतूचा पापुद्रा फाडणाऱ्या औषधाला माशाचा कल्ला वेगळा ओळखता येत नाही. कल्ल्याची कातडी अगदी पातळ असते. खाडीतली पिल्लं, तिसऱ्या, कालवं यांना त्याचा फटका बसतो. शिवाय हे औषध चिखलाला चिकटून राहतं आणि तिथे सावकाश विरतं.

१९६७ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज फुटलं. तेल घालवायला सुमारे १०,००० टन डिटर्जंट फवारलं गेलं. त्यातल्या सॉल्व्हंटसकट त्या डिटर्जंटने खडकावरचे जीव तेलापेक्षा जास्त मारले. फवारणी न झालेले खडक दोन-तीन वर्षांत सावरले, फवारलेल्यांना दहा वर्षांहून जास्त लागली.

तेव्हा मोजून घ्या, वेगवेगळं वापरा आणि धुतलेलं पाणी थेट खाडीत सोडू नका. जेटीवर सांडपाण्याची टाकी असेल तर तिथेच ओता. आज खाडीत वाढणारी पिल्लं हीच उद्याची आपली मासळी.

ही माहिती तांडेल आणि खलाशांपर्यंत जरूर पोचवा.