आधी फोन पिशवीत, मग कपडे

आमच्या तलावावर सकाळची लेडीज बॅच सुटली की कपडे बदलायच्या खोलीत एकदम गर्दी होते. आडोशाच्या खोल्या मोजक्या, त्यामुळे निम्म्या जणी भिंतीकडे तोंड करून टॉवेलच्या आडच कपडे बदलतात. अशाच एका सकाळी मागून कुणीतरी मोठ्यानं बोलू लागलं. वळून पाहिलं, तर एक बाई कट्ट्यावर फोन उभा करून केस पुसत व्हिडिओ कॉलवर गप्पा मारत होत्या. कॅमेरा आमच्याकडे. मी आड झाले आणि म्हटलं, "ताई, आधी तो फोन बंद करा." त्या म्हणाल्या, "अहो, माझी बहीणच आहे, परकं कोण आहे?" पलीकडे कुणी पुरुष चहा मागत होता, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही मानते. पण त्यांच्या बहिणीच्या घरात त्या वेळी कोण कोण बसलं होतं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. आमच्या बॅचमधली आठवीतली एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. नुकतीच ती खोल पाण्यात न घाबरता पोहायला लागली होती. मला त्या कॉलपेक्षाही याचं वाईट जास्त वाटलं. मॅनेजरकडे गेलो तर उत्तर मिळालं, "बायकांचं बायकांनी मिटवा." मग आम्ही तक्रारवहीत सविस्तर लिहिलं, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि त्या पानाची प्रत मागितली. तोंडी तक्रारीला जे उत्तर मिळालं होतं, ते लेखी तक्रारीला देता येईना. आता खोलीत शिरण्याआधी फोन काउंटरवर जमा होतात आणि टोकन मिळतं.

तुमच्या तलावावर अशी सोय नसेल, तर निदान स्वतःपुरता नियम पाळा: खोलीचं दार ओलांडण्याआधी फोन बंद पिशवीत. घरून फोन आला तर बाहेर येऊन बोला. आरशासमोर स्वतःचा फोटोही नको, कारण त्या आरशात मागच्या बायका दिसतात. मुलीचा पहिल्या दिवसाचा कॉस्च्युममधला फोटो हवाच असेल, तर बाहेर काढा आणि मागे दुसऱ्यांची मुलं नाहीत ना, ते बघा.

कायदा इथे स्पष्ट आहे. कपडे बदलणाऱ्या बाईला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान 1 आणि जास्तीत जास्त 3 वर्षांची कैद. जुन्या दंड संहितेच्या कलम 354-सी मध्ये आरोपी पुरुषच असू शकत होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेत ती अट गेली, म्हणजे चित्रण करणारी बाई असली तरी सुटका नाही. पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई आहे: कुणाच्याही गुप्तांगांचं चित्र संमतीशिवाय जाणूनबुजून टिपलं किंवा पाठवलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असं काही घडताना दिसलं तर फोन हिसकावू नका, "डिलीट कर" म्हणून मागेही लागू नका. पुरावाच जाईल. त्या व्यक्तीला थांबवा, मॅनेजरला बोलवा, 112 ला फोन करा.

प्रत्येक नजर आणि प्रत्येक शेरा मात्र कलमात बसत नाही. "पोट किती सुटलंय गं", "इतकी वाळलीस, जेवतेस की नाही?", "हा डाग कसला?" हे सगळं मी त्या खोलीत ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्या बहुतेक वेळा वयानं मोठ्या, मायेनं बोलणाऱ्या काकू असतात. काकू, कृपा करून बोलू नका. वयात येणाऱ्या मुलींना कॉस्च्युम घालून चार माणसांत यायलाच मोठं धैर्य लागतं.

लहान मुलांचं सांगायचं तर, आपल्या मुलाचे कपडे आपण बदलावेत. कोच किंवा दुसऱ्या पालकांवर ते सोपवू नये. मुलगा शाळेत जायला लागला, की त्याला लेडीज खोलीत आणणं थांबवावं, असं माझं मत आहे. सोबत वडील नसतील तर मॅनेजरकडून वेगळी खोली मागून घ्या.

आता पायांकडे. पाण्यात क्लोरीन असतं, खोलीच्या ओल्या फरशीवर नसतं. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आणि तळव्यावरचे चामखीळ अशा फरशीवरून पसरतात, म्हणून शॉवरखालीसुद्धा रबरी चपला घाला आणि बेचक्या कोरड्या पुसा. टॉवेल आणि कंगवा कुणाला देऊ नका, मागूही नका. नायटा टॉवेलवरून सहज जातो. नायटा झालाच, तर औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम लावू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, नायटा मात्र आत वाढत राहतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बरं होईपर्यंत पाण्यापासून लांब राहा. जुलाब झाले असतील तरीही तेच, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही दिवसचे दिवस तग धरतो.

उतरण्याआधी अंघोळ करायला बहुतेक जण कंटाळतात. डोळे चुरचुरतात तेव्हा "आज क्लोरीन जास्त टाकलंय" म्हणतात. पण तो उग्र वास बराचसा घाम, अंगाचं तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइन्सचा असतो. साबण लावून केलेली दोन मिनिटांची अंघोळ सगळ्या बॅचचे डोळे वाचवते.

उन्हाळी बॅचची फी भरायला जाल, तेव्हा पाण्याची खोली विचारता तसंच हेही विचारा: फोन कुठे जमा होतात, आडोशाच्या खोल्या किती आहेत आणि त्यांच्या कड्या लागतात का. उत्तर समाधानाचं नसेल तर तिथेच तक्रारवही मागून घ्या आणि लिहा.