पुरानंतर रान किती सावरते? मोजून पाहा



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ साली पुन्हा महापूर आला. पूर थांबवणे आपल्या हाती नाही, पण रानाची तग धरण्याची ताकद वाढवता येते आणि मोजताही येते.

वहीत तीन आकडे लिहा: नेहमीचे एकरी टनेज, पुराच्या सालचे टनेज आणि पूर्ववत व्हायला लागलेले हंगाम. समजा, दोन रानांत एकरी ५० टन ऊस निघतो. पुराने एकाचे २० टन झाले, सावरायला दोन हंगाम गेले. दुसऱ्याचे ३५ झाले, एका हंगामात भरून निघाले. दुसऱ्याचा तग जास्त. का, ते शोधा. चर मोकळा होता का? सामाईक चर एकट्याने निघत नाही. गावची एकीही तगाचे मापच आहे.

मात्र नुसत्या टनेजवर जाऊ नका. पाणी-खत वाढवून टनेज टिकते, पण आतून जमीन क्षारपड होत जाते. मग एक दिवस रान हातचे जाते. म्हणून माती परीक्षणातला सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्बही दरवर्षी त्याच वहीत उतरवा.

— ऊस विकास अधिकारी