परसातली भाजी : पद्धत आपली आपण ठरवावी

बाजारातील भाजीवर फवारलेले औषध पोटात जाते, या धास्तीने हल्ली अनेक जण घरीच भाजी लावतात. चांगली गोष्ट आहे. मात्र शेजाऱ्याला साधलेली पद्धत आपल्या परसात जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. कोल्हापूरचे कै. श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. ज्याने त्याने आपल्या जागेवर स्वतः प्रयोग करावा, याच विचारावर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला.

प्रथम ऊन पाहावे. कोठे किती वेळ ऊन पडते ते आठ दिवस कॅलेंडरवर टिपून ठेवावे. तीन-चार तास ऊन मिळाले तरी मेथी, पालक, कोथिंबीर येते. वांगी, टोमॅटो, मिरचीला सहा तास तरी हवे. पाण्याची ओढ असेल तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वापरावे, साबणाचे नको. सुरुवात मेथीने करावी. पंचवीस-तीस दिवसांत ती काढणीला येते आणि आपली माती कशी आहे तेही समजते. आपल्याकडे स्त्रियांत रक्तक्षय फार. पालेभाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

आता महत्त्वाचे. सेंद्रिय म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. ओल्या शेणात रोगजंतू असतात. ते पालेभाजीच्या वाफ्यात कधीही घालू नये. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात पूर्ण कुजवून, काळसर, भुसभुशीत व वासरहित झाल्यावरच वापरावे. सांडपाण्याच्या गटाराचे पाणी तर नकोच. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून जखम उघडी ठेवून काम करू नये आणि लस घेतलेली असावी. उघड्यावर शौच होत असलेल्या जागी अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो. पायांत चप्पल हवी, बूट असल्यास उत्तम.

किडीसाठी तंबाखूचा काढा करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. घरगुती असला तरी तो विषच. त्यातील निकोटीन कातडीतूनही शरीरात जाते आणि मळमळ, चक्कर, उलट्या होतात. ज्या घरात लहान मूल आहे तेथे तो करूच नये. त्यापेक्षा निंबोळी बरी. पन्नास ग्रॅम सुक्या निंबोळ्यांचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून ऊन चढण्यापूर्वी पानांच्या खालच्या बाजूस फवारावा. मावा तेथेच दडतो. हा अर्क त्याच दिवशी संपवावा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. फवारल्यावर चार-पाच दिवस भाजी तोडू नये, कडवट लागते.

घरची कोथिंबीर, मुळा कच्चा खाण्यापूर्वीही वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवावा. पालक मात्र मुळासकट उपटू नये. बाहेरची पाने खुडली की आतून नवी फुटतात.