नजरबंदी की हातचलाखी? टीव्हीवरची जादू पाहणारे दोन डोळे

मंडळाच्या मागच्या बैठकीत 'कलावंत आणि रसिक' या विषयावर बोलताना एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, कविता कशी रचली जाते हे कळलं की ती आवडायची थांबते का?" मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाताना मात्र मला माझे मामा आठवले. ते कवी नव्हते, जादूगार होते. म्हणून हे उत्तर जादूच्या वाटेने देतो.

दोन शब्द

जादूच्या खेळाला मराठीत दोन शब्द आहेत. 'नजरबंदी' हा पाहणाऱ्याच्या बाजूचा शब्द, म्हणजे माझी नजर कोणीतरी बांधून टाकली. 'हातचलाखी' हा करणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवतो. खेळ एकच असतो, पण प्रेक्षक पहिला शब्द जगतो आणि जादूगार दुसरा. टीव्ही आल्यावर या दोघांच्या मध्ये कॅमेरा येऊन बसला. आता नजर कुठे जावी हे जादूगाराच्या जोडीने कॅमेराही ठरवू लागला.

मामांचं बेळगावात खडे बाजाराजवळ छोटं दुकान होतं. सुटीच्या दिवशी मुंजी, वाढदिवस, गणेशोत्सव अशा ठिकाणी ते खेळ करायचे. केबल आल्यावर परदेशी जादूगारांचे कार्यक्रम आम्ही एकत्र बघायचो. बाई हवेत तरंगली की आम्ही मुलं ओरडायचो आणि मामा गप्प असायचे. मग पुढे जादूगार नुसता रुमाल खिशात ठेवायचा आणि मामा मांडीवर थाप मारून "वाऽ!" म्हणायचे.

"आत्ता काय झालं, मामा?"

"काही झालं नाही असं वाटलं की नाही तुला? मग झालं की! काय बघालास तू इतका वेळ?"

आम्ही परिणाम पाहत होतो आणि मामा वाट पाहत होते ती त्या क्षणाची, जिथे काम गुपचूप उरकलं जातं. जाणकार आणि सामान्य प्रेक्षक यांच्यातला पहिला फरक हाच. दोघांच्या टाळ्या एकाच जागी पडत नाहीत.

९ एप्रिल १९५६ ची रात्र

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याच देशातल्या जादूगाराचं आहे. बंगालचे पी. सी. सरकार लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये प्रयोग करणार होते. त्याआधी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी दीप्ती डे या सतरा वर्षांच्या साहाय्यिकेला टेबलावर झोपवलं आणि विजेच्या गोल करवतीने कापलं. मग तिला उठवायचा प्रयत्न केला. ती उठली नाही. त्यांनी तिचा चेहरा कापडाने झाकला. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी कार्यक्रम संपल्याचं सांगितलं.

घरोघरी लोक हादरले. मुलगी मेली अशी समजूत झाली आणि बीबीसीचे फोन खणखणू लागले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तीच बातमी होती आणि थिएटरची तिकिटं हातोहात संपली.

आता हाच प्रसंग जादूगाराच्या डोळ्याने पाहू. बाईला कापायचा खेळ पी. टी. सेल्बिट याने लंडनमध्ये १९२१ सालीच दाखवला होता. पुढे होरेस गोल्डिन याने पेटी काढून टाकून विजेची करवत आणली. म्हणजे १९५६ मध्ये व्यवसायातल्या माणसाला करवतीत नवल उरलं नव्हतं. त्याचं लक्ष शेवटाकडे गेलं. या खेळाचे दोन भाग असतात, कापणं आणि पुन्हा अखंड करून दाखवणं. सरकारांच्या खेळात दुसरा भाग आलाच नाही. वेळ संपली म्हणून कार्यक्रम आटोपला असं सांगण्यात आलं, पण सरकारांचं वेळेचं गणित किती पक्कं असे हे त्यांच्या व्यवसायातले लोक ओळखून होते. थिएटरात मुलगी उठेपर्यंत प्रेक्षक खुर्ची सोडत नाही. टीव्हीवर मात्र कार्यक्रम संपला की संपला. टीव्हीची ही मर्यादाच त्या खेळातली सर्वांत धारदार वस्तू ठरली. प्रेक्षकाने मृत्यू पाहिला, जादूगाराने मांडणी पाहिली.

कॅमेऱ्यावरचा विश्वास

यातून एक अडचण निघते. समोर बसलेल्या प्रेक्षकाला आपण कुठेही बघू शकतो याची खात्री असते. टीव्हीच्या प्रेक्षकाला ती नसते. चित्र मध्येच कापलं, जोडलं, तर त्याला काय कळणार? अमेरिकेत मार्क विल्सन याने १९६० मध्ये मुलांसाठी जादूची मालिका सुरू केली, तेव्हा त्याने यावर साधा उपाय केला. स्टुडिओत खरा प्रेक्षक बसवला आणि खेळ चालू असताना कॅमेरा दुसरीकडे न वळवण्याचा नियम पाळला. टीव्हीवरच्या जादूत प्रेक्षकाशी केलेला हा अलिखित करार आहे: मी तुम्हाला फसवीन, पण माझ्या हाताने, कात्रीने नाही.

१९९७ मध्ये डेव्हिड ब्लेनचा रस्त्यावरच्या जादूचा कार्यक्रम आला आणि कॅमेरा जादूगारावरून प्रेक्षकांच्या चेहऱ्याकडे वळला. किंचाळणारी, पळणारी, हसणारी माणसं पाहून घरच्या प्रेक्षकाला वाटलं, हे खरंच काहीतरी आहे. जादूगारांत मात्र दोन तट पडले. काही म्हणाले, खेळ जुनेच आहेत. काहींचा आक्षेप अधिक गंभीर होता: जमिनीवरून उचललं जाण्याच्या खेळात रस्त्यावरच्या लोकांनी पाहिलेलं आणि घरी दिसलेलं एकच नव्हतं, संकलनात ते जोडलं गेलं. उलट काहींनी मान्य केलं की जादू प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर घडते हे या माणसाने बरोबर ओळखलं. सामान्य प्रेक्षकाला हा वाद माहीतही नव्हता. त्याला तो करार मोडल्याचं दुःख नव्हतं, कारण असा काही करार आहे हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आपण खरंच पाहतो का?

प्रेक्षक भाबडा असतो असं मात्र समजू नका. २००६ मध्ये गुस्ताव कुन आणि मायकेल लँड या संशोधकांनी एक चित्रफीत लोकांना दाखवली. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो, तिसऱ्यांदा फक्त फेकल्याचा अभिनय करतो. त्याची नजर वर गेली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला 'पाहिला'. त्याची नजर हातावरच राहिली, तेव्हा सुमारे एक तृतीयांशांनीच. गंमत म्हणजे बहुतेकांचे डोळे न फेकलेल्या चेंडूच्या जागी गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची नजर कुठे जाते हे वाचत होते. समोरच्या माणसावर विश्वास ठेवायची आपली सवयच इथे फसते. 'नजरबंदी' शब्द बनवणाऱ्या आपल्या पूर्वजांना दाद द्यायला हवी. नजर बांधली जाते ती दुसऱ्याच्या नजरेने.

माझी चूक

जादूची गुपितं फोडणारे कार्यक्रम केबलवर आले, तेव्हा मी आठवीत होतो. मावसबहिणीच्या वाढदिवसाला मामांनी रिकाम्या डब्यातून फुलं काढायला सुरुवात केली आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आत दुसरा डबा आहे!" मुलं हसली. मामाही हसले. डबा बाजूला ठेवून त्यांनी एक नाणं काढलं आणि खेळ पुरा केला. पण त्यानंतर त्यांनी तो डबा कधी काढला नाही. हळूहळू बोलावणीही कमी झाली. "टीव्हीवर तर माणूस उडतोय," असं लोक म्हणू लागले होते.

घरी येताना मी माफी मागितली. ते म्हणाले, "डबा तुला कळला रे. उद्यापासून नाणं शिक."

मी चार महिने शिकलो. तळहातात नाणं लपवून हात मोकळा दिसू देणं मला आजही धड जमत नाही. तेव्हा कळलं की त्या कार्यक्रमाने मला डबा सांगितला होता. डबा उचलताना मामा मुलांशी काय बोलायचे, केव्हा थांबायचे, कुणाकडे बघून हसायचे, हे त्यात नव्हतं.

दोन्ही डोळे उघडे

ब्रिटनमध्ये २०११ मध्ये सुरू झालेला पेन आणि टेलर यांचा 'फूल अस' कार्यक्रम मला म्हणूनच आवडतो. तिथे जादूगार येऊन या दोन दिग्गजांना फसवायचा प्रयत्न करतो. युक्ती ओळखली, तर पेन ती उघड सांगत नाही. तो आडवळणाने, व्यवसायातले शब्द पेरत बोलतो. समोरच्या जादूगाराला नेमकं कळतं, घरच्या प्रेक्षकाचं कुतूहल शाबूत राहतं. जाणकाराने रसिकासमोर कसं बोलावं याचा हा धडाच आहे. आम्ही शिक्षकांनीही तो घ्यावा.

त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर असं: हो, काहीतरी जातं. आठवीतल्या मुलासारखं तोंड उघडं टाकून मी जादू आता पाहू शकत नाही. पण जादूगाराने नुसता रुमाल खिशात ठेवला की माझा हात आपोआप मांडीवर पडतो. ती टाळी मला आधी ठाऊकच नव्हती.

पुढील बैठकीसाठी प्रश्न

१. रीलवरची जादू पाहताना तो अलिखित करार पाळला आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवाल?
२. सरकारांनी शेवट रोखून धरला. शेवट न सांगणारी एखादी मराठी कथा निवडा आणि वाचक म्हणून तुमचं काय झालं ते लिहा.
३. समीक्षक गुपित फोडतो की नाणं शिकवतो? एक उदाहरण घेऊन या.