दवाखान्यातील नोंदी आणि संगणक

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील लसींपैकी शेवटची मात्रा कोणत्या बालकांची राहिली आहे, हे कागदी वहीतून शोधणे दुष्कर असते. १९९२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत ते क्षणार्धात कळते. दिलसुखनगरातील एका डॉक्टरच्या, एका संगणकाच्या दवाखान्यास ती आजही पुरेशी आहे. मात्र नवजात शिशूची नोंद प्रथम मातेच्या नावाने होते व बारशानंतर नाव बदलते. जुळ्यांचा तर मोबाइल क्रमांकही एकच! म्हणून प्रत्येक बालकास स्वतंत्र नोंदणी क्रमांक द्यावा.

ही प्रणाली केव्हा सोडावी? फाइल २ जीबीची मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये. स्वागतकक्ष, तपासणी व लसीकरण अशा तीन ठिकाणांहून एकाच फाइलमध्ये लेखन सुरू झाले की धोका संभवतो. प्रत्येक संगणक ती फाइल स्वतः उघडून लिहितो. मध्येच वीज गेल्यास सबंध फाइल बिघडू शकते. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या विनामूल्य सर्व्हर-प्रणालीत लेखन एकाच ठिकाणी होते व अर्धवट नोंद आपोआप रद्द होते. ॲक्सेसचे परिचित फॉर्म तसेच ठेवून केवळ तक्ते तिकडे नेता येतात.

इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या एक्सेल फाइलची मर्यादा ओलांडली गेल्याने १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत व त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. त्यामुळे स्थलांतराच्या दिवशी थकीत लसींची यादी दोन्ही प्रणालींतून काढून ताडून पाहावी; एकही बालक कमी भरल्यास जुनी फाइल पुसू नये.