कोयत्याची जखम आणि शरीराची राखण



लागणीच्या वेळी कांड्या औषधाच्या पाण्यात बुडवूनच लावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. अननस रोगाची बुरशी कांडीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते, म्हणून हा खटाटोप. माणसाच्या शरीराचेही असेच आहे. कातडी शाबूत, तर बहुतेक जंतू बाहेरच राहतात.

कातडी हे शरीराचे पहिले कुंपण. जिथे कातडी नाही तिथे दुसरी सोय आहे. नाकातला शेंबूड धूळ व जंतू अडकवून धरतो, पोटातले आम्ल जंतू मारते. डोळ्यांतल्या पाण्यात आणि लाळेत जंतूंचे कवच फोडणारा लायसोझाइम नावाचा पदार्थ असतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली तो जगापुढे मांडला.

आता कोयता लागला, म्हणजे कुंपण तुटले. मग आतले राखणदार धावतात. रक्त गोठून भगदाड बुजते. जखमेभोवतीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना चक्क गिळतात. पू म्हणजे बहुतांशी या कामी आलेल्या पेशीच. इटलीत मेसिना येथे १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलांत काटे टोचले, तेव्हा काट्याभोवती पेशी जमलेल्या त्याला दिसल्या. या संशोधनाबद्दल त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ही राखण जन्मजात असते. जंतू ओळखीचा असो वा नसो, ती काही तासांतच कामाला लागते. पण तिलाही मर्यादा आहे. फडात आम्ही नेहमी पाहतो, जखम झाली की कुणी माती दाबतो, कुणी तंबाखू, कुणी शेण. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणातच असतात. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत ते वाढतात व विष सोडतात. या विषापुढे पांढऱ्या पेशींचे काही चालत नाही. तिथे आधी टोचून घेतलेली लसच उपयोगी पडते.

म्हणून एवढे करा:

१. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा. स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवा.

२. जखम खोल असेल, माती गेली असेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा.

३. सूज पसरू लागली, लाल रेघ वर चढली किंवा ताप आला, तर घरी थांबू नका.

४. मधुमेह असणाऱ्यांनी पायाची लहानशी जखमही अंगावर काढू नये. त्यांची ही राखण कमजोर पडलेली असते.

तोडणीला आलेल्या टोळीलाही हे समजावून सांगा. कोयता त्यांच्या हातात असतो, आणि दवाखान्याची वाट त्यांना ठाऊक नसते.