शाळेत न जाणाऱ्या मुलाकडे कोण बघतं?

प्रश्न: आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या जोडप्याचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेतच जात नाही. आईवडील म्हणतात, आम्ही घरीच शिकवतो. आवारात संध्याकाळी पंधरा-वीस मुलं खेळतात, त्या सगळ्यांच्या शाळेच्या पिशव्या मला पाठ आहेत. याची पिशवीच नाही! हे कायद्यात बसतं का? आणि मुलाचं नीट चाललंय की नाही, हे सरकार बघतं का? (एक निवृत्त वाचक, सातारा)

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, एक कायद्याचा आणि एक मुलाचा. कायद्याची गाठ आधी सोडवू.

मूल शाळेत घातलं नाही तर पोलीस दारात येतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो ‘सक्तीचं शिक्षण’ या शब्दांमुळे झाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पण सक्ती कोणावर? कायद्यानेच खुलासा केला आहे: सरकारवर. मुलाला प्रवेश मिळेल, ते हजर राहील आणि त्याचं शिक्षण पुरं होईल, हे पाहण्याचं बंधन सरकारचं.

आईवडील मात्र अगदीच मोकळे नाहीत. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं कलम १० सांगतं. ते पाळलं नाही तर काय, यावर कायदा एक अक्षर बोलत नाही. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, मूल घरी ठेवणाऱ्याला नाही. म्हणजे घरच्या शिक्षणाला परवानगीही नाही आणि शिक्षाही नाही. शिक्षा नाही, हे मला योग्यच वाटतं. दंड ठेवला असता तर तो पहिल्यांदा वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या कुटुंबांना बसला असता, आणि त्यांची मुलं काही हौसेने शाळेबाहेर नसतात.

पुढे परीक्षेचं काय, ही काळजी त्या मानाने लहान. खासगीरीत्या दहावीला बसणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही वाट आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. घरी शिकणाऱ्या मुलांची आपल्याकडे वेगळी नोंदच होत नाही. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. शिक्षक सिग्नलवर, स्टेशनवर, पालांवर फिरले आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावत गेले. पण अशी मोजणी पटावरच्या नावावरून होते. तुमच्या इमारतीतला मुलगा आणि विटा वाहणारा मुलगा, कागदावर दोघं सारखेच शाळाबाह्य. यातला कोण शिकतोय, हे ती शाई सांगत नाही.

शाळा नुसती शिकवत नाही, ती रोज मुलाला बघते. कालपर्यंत बडबडणारी मुलगी आज गप्प का, दंडावर वळ कसला, चार दिवस डबा का नाही, हे बाईंच्या लक्षात येतं. सरकारी शाळांत वर्षातून एकदा आरोग्य पथकही येतं. मूल शाळेतून निघालं की हे सगळे डोळे एकदम मिटतात. बालमजुरीच्या कायद्यातही हीच फट आहे. २०१६ च्या दुरुस्तीने मुलाला घरच्या धंद्यात मदत करायला मुभा दिली, ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. शाळाच नसेल तर ती वेळ संपते केव्हा?

फट किती महागात पडते, हे इंग्लंडने पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये वोकिंग इथे दहा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. शिक्षकांना तिच्या अंगावर खुणा दिसल्या होत्या, आणि काही महिने आधीच वडिलांनी ‘घरी शिकवतो’ म्हणून तिला शाळेतून काढलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये वडील आणि सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरले. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही ठेवण्याचं विधेयक मांडलं.

म्हणून घरी शिकवणारा प्रत्येक पालक संशयित ठरवू नका. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा पावसाळाभर गच्चीवर बाटलीत पाणी साठवून रोज मिलिमीटर मांडतो. वहीत तारखा आहेत, आलेख आहे, आणि चुकलेल्या दिवसापुढे प्रामाणिकपणे ‘झोपलो’ असं लिहिलेलं आहे. अशा घराला सरकारची भीती वाटायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर नोंद सक्तीची हवी, आणि वर्षातून एकदा कुणीतरी त्या मुलाशी, आईवडील समोर नसताना, निवांत बोलावं. मार्कांची परीक्षा नको. तू काय करतोस, कुणाबरोबर खेळतोस, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

तोवर हे काम शेजाऱ्यांचं आहे. मूल भेदरलेलं दिसलं, मारल्याच्या खुणा दिसल्या, दिवसचे दिवस घराबाहेरच आलं नाही, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. प्रत्येक जिल्ह्याला बालकल्याण समितीही असते. शंका खोटी ठरली तर कुणाचं काही बिघडत नाही.

मात्र त्याआधी एकदा वर जाऊन या, चहाला थांबा, मुलाला त्याची वही दाखवायला सांगा. आणि आवारात पंधरा-वीस मुलं खेळतात असं तुम्ही लिहिलंत, पण त्यांच्यात तो असतो की नाही, हे लिहायचं राहिलं. ते आधी बघा.